देलाक्रुआची रिबेका

रिबेका हे नाव आपल्या समाजात इतके घरचे आहे की प्रत्येक कुटुंबात एखादी रिबेका आत्या किंवा रिबका मावशी निघतेच. तोरातली रिव्का आपल्याला ठाऊक आहे. विहिरीवर एलियेझरच्या उंटांना पाणी पाजणारी, इसहाकाची बायको, याकोब आणि एसाव यांची आई. या लेखातली रिबेका मात्र दुसरी आहे. ती कधी जन्मलीच नाही. एका स्कॉटिश लेखकाने तिला कागदावर जन्म दिला, एका फ्रेंच चित्रकाराने कॅनव्हासवर रंगवली, आणि एकदा रंगवून समाधान झाले नाही म्हणून बारा वर्षांनी पुन्हा रंगवली.

सर वॉल्टर स्कॉटची ‘आयव्हॅनहो’ ही कादंबरी आमच्या पिढीने भारतात शाळेत असताना वाचली. पूर्ण नव्हे, मुलांसाठी संक्षिप्त केलेली, बारीक अक्षरांची आणि मधूनमधून काळी-पांढरी चित्रे असलेली. त्यात शूर सरदार, भाल्यांची झुंज, रॉबिन हूड असे सगळे होते, आणि त्यांच्यामध्ये एक यहुदी मुलगी होती. वर्गात बाकीच्या मुलांना आयव्हॅनहो आवडायचा. आम्हां इस्राएली मुलांना रिबेका आवडायची. आपल्यातले कोणीतरी इंग्रजी पुस्तकात आले आहे, आणि तेही चोर किंवा सावकार म्हणून नव्हे, याचेच आम्हांला अप्रूप होते.

कादंबरी १८१९ सालच्या डिसेंबरात निघाली, पण मुखपृष्ठावर साल १८२० छापलेले होते. गोष्ट आहे ११९४ सालच्या इंग्लंडमधली. राजा रिचर्ड धर्मयुद्धाहून आणि कैदेतून सुटून परत येत आहे, आणि राज्यात गोंधळ आहे. यॉर्कचा इसहाक हा श्रीमंत यहुदी सावकार आणि रिबेका त्याची मुलगी. (बायबलात इसहाकाची बायको, स्कॉटकडे इसहाकाची मुलगी. नावे घरातलीच घेतली, नाते तेवढे बदलले.) रिबेका औषधोपचारात निपुण आहे. मिर्याम नावाच्या एका वैदूबाईकडून ती ही विद्या शिकली, आणि त्या मिर्यामला चेटकीण ठरवून जाळण्यात आले होते. झुंजीत घायाळ झालेल्या आयव्हॅनहोची सेवा रिबेका करते. वाटेत सगळे पकडले जातात आणि फ्राँ-द-बफ नावाच्या क्रूर सरदाराच्या किल्ल्यात कोंडले जातात. तिथे टेंपलर पंथाचा सरदार ब्रायन द बुआ-गिल्बेर याची रिबेकावर वाईट नजर पडते.

हे टेंपलर म्हणजे कोण, हे थोडक्यात सांगायला हवे. यरुशलाईममध्ये हर हबाईतवर ठाणे असलेला ख्रिस्ती लढवय्या संन्याशांचा हा पंथ. लग्न करायचे नाही अशी त्यांची शपथ. म्हणजे शपथ घेतलेला संन्यासी एका यहुदी मुलीला पळवतो आहे. स्कॉटचा डंख इथेच आहे.

इतिहास पाहिला तर कादंबरीतल्या काळाच्या फक्त चार वर्षे आधी, ११९० सालच्या मार्च महिन्यात, शब्बात हग्गादोलच्या सुमारास, त्याच यॉर्क शहरातल्या यहुद्यांनी जमावाच्या भीतीने किल्ल्याच्या बुरुजात आसरा घेतला होता. सुमारे दीडशे माणसे. बहुतेकांनी शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा आपल्याच हाताने मरण पत्करले. पुढे १२९० साली इंग्लंडमधून सगळ्या यहुद्यांना हाकलून दिले. यॉर्कचा इसहाक आणि त्याची मुलगी जळत्या किल्ल्यात अडकलेली आहेत हे वाचताना ही पार्श्वभूमी मनात असावी.

आता चित्राकडे येऊ. ओझेन देलाक्रुआ (१७९८ ते १८६३) हा फ्रान्समधल्या रोमँटिक चित्रकारांचा अग्रणी. रोमँटिक म्हणजे आपण सिनेमात म्हणतो तसे प्रेमाचे नव्हे. शांत, मोजून-मापून, ग्रीक पुतळ्यासारखे चित्र काढण्यापेक्षा भावना, वादळ, रंग आणि हालचाल यांना महत्त्व देणारा तो पंथ. या चित्रकारांना विषय लागत ते पुस्तकांतून: शेक्सपिअर, बायरन, दांते, गटे, आणि स्कॉट तर हवाच. ‘रिबेकाचे अपहरण’ हे चित्र देलाक्रुआने १८४६ साली पूर्ण केले आणि त्याच वर्षी पॅरिसच्या सलोन या मोठ्या प्रदर्शनात ठेवले.

चित्र उभे आहे. उंची सुमारे १०० सेंटिमीटर, रुंदी सुमारे ८२. म्हणजे घरातल्या मध्यम खिडकीएवढे. प्रसंग कादंबरीच्या एकतिसाव्या प्रकरणातला. किल्ल्याला आग लागली आहे, वेढा घालणारे आत घुसले आहेत, आणि त्या गडबडीत बुआ-गिल्बेर रिबेकाला घेऊन निसटतो आहे. त्याचे दोन सॅरासेन गुलाम तिला घोड्यावर घेत आहेत. तिचे अंग निर्जीव कापडासारखे लोंबते आहे. मागे दूरवर किल्ला जळतो आहे. समोरची जमीन उंच, मग एकदम खोल दरी, आणि दरीपलीकडे किल्ला. मधली जागा चित्रकाराने जणू कापून टाकली आहे. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की आपण या माणसांच्या अगदी अंगावर उभे आहोत आणि पळायला वाट नाही. टीकाकारांना हेच आवडले नाही. हातपाय वेडेवाकडे, रेखाटन ढिले, सगळे कोंदलेले अशी तक्रार झाली. कवी बोदलेअर तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. त्याने मात्र चित्राची बाजू घेतली, आणि कौतुक केले ते नेमके या दाटीचे, एकमेकांना घट्ट लागून बसलेल्या रंगांचे.

रंग बसवले कसे, हेही पाहण्यासारखे आहे. ताणून लाकडी चौकटीवर ठोकलेले कापड, त्यावर सरसाचा हात, त्यावर पांढरे अस्तर, आणि मग जवसाच्या तेलात खललेले रंग. तेलरंग पाण्याच्या रंगासारखा उडून वाळत नाही. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेते आणि हळूहळू त्याची चिवट कातडी बनते. याला दिवस लागतात, जाड थर असेल तर महिने. म्हणून जुन्या कारागिरांचा नियम असा की खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे. उलटे केले की खालचा थर नंतर आकसतो आणि वरचा फुटतो.

त्या काळच्या रंगपेटीत शिशापासून केलेला सफेदा होता, पाऱ्यापासून केलेला हिंगूळ होता, मंजिष्ठाच्या मुळांपासून काढलेला गडद तांबडा होता, आणि त्यांच्या जोडीला नव्या रसायनशास्त्राने दिलेले कोबाल्टचे निळे आणि क्रोमचे पिवळे होते. पूर्वी खललेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून विकत. १८४१ साली जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या, पिळता येणाऱ्या नळीचे पेटंट घेतले. आपण रोज सकाळी दात घासायला जी नळी पिळतो, तिची ही आजी!

देलाक्रुआ सावली काळ्या रंगाने भरत नसे. तांबड्याशेजारी हिरवा, नारिंगीशेजारी निळा असे परस्परविरोधी रंगांचे छोटे छोटे फटकारे तो शेजारी शेजारी, एकमेकांत न घोटता मारी. जवळून पाहिले तर आजीच्या गोधडीवरचे धावदोरे दिसतात. चार पावले मागे सरकले की तेच धागे एकजीव होऊन कातडी, धूर, कापड होतात. डोळाच रंग मिसळतो. या पद्धतीवर पुढच्या पिढीतल्या फ्रेंच चित्रकारांनी आपले घर बांधले.

आणि एक रंग असा, जो आपल्या दारातला आहे. त्या काळच्या चित्रकारांना खोल, मखमली तपकिरीसाठी डांबराचा मोह पडे. त्या डांबराला युरोपात ‘यहूदाचे डांबर’ म्हणत, कारण पुरातन काळापासून ते मृत समुद्रात तरंगताना सापडे. बेरेशीथच्या चौदाव्या अध्यायात सिद्दीमच्या खोऱ्यात डांबराच्या खाणी होत्या आणि सदोमचा राजा पळताना त्यांत पडला असे आहे, तेच हे खेमार. दिमोना-अरादच्या बाजूला राहणाऱ्या आपल्या लोकांना ती जागा दाखवायला नको. ताजे असताना हे डांबर फार सुंदर दिसते. पण ते नीट कधीच वाळत नाही. वर्षे गेली की काळे पडते आणि मगरीच्या पाठीसारखे तडकते. लुव्र संग्रहालयातले झेरिकोचे ‘मेद्युसाचा तराफा’ हे प्रचंड चित्र (१८१९) याच कारणाने काळवंडले आहे. म्हणून जुन्या चित्राच्या बाबतीत ‘कोणते साल’ या प्रश्नाइतकाच ‘काय मिसळले होते’ हा प्रश्न महत्त्वाचा.

ओघात एक गोष्ट सांगतो. पॅरिसमध्ये हे चित्र टांगले गेले त्याच १८४६ साली मुंबईत आपल्या समाजासाठी हिब्रू आणि मराठी अशी हग्गादा शिळाछापावर निघाली. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण एक यहुदी मुलगी तिकडे परक्याच्या कुंचल्यातून लोकांसमोर येत होती, आणि इकडे आपले लोक आपल्या बोलीत आपली गोष्ट स्वतः छापत होते, हे आम्हांला लक्षात ठेवावेसे वाटते.

कारण या चित्राविषयी आमची एक जुनी तक्रार आहे. कादंबरीतली रिबेका अशी लोंबकळणारी नाही. बुआ-गिल्बेर बुरुजातल्या खोलीत येतो तेव्हा ती खिडकीबाहेरच्या सज्जाच्या कडेवर जाऊन उभी राहते आणि त्याला बजावते की एक पाऊल पुढे टाकलेस तर मी खाली उडी घेईन. तो थांबतो. शस्त्रधारी सरदार एका निःशस्त्र मुलीपुढे थांबतो, आणि तिथून पुढे तो तिला घाबरतच बोलतो. पुढे वेढा पडल्यावर आयव्हॅनहो अंथरुणाला खिळलेला असतो, तेव्हा बाण येत असताना खिडकीशी उभी राहून लढाईचे वर्णन त्याला तीच सांगते. म्हणजे सगळे युद्ध वाचकाला दिसते ते या मुलीच्या डोळ्यांनी. चेटूक केल्याचा खटला तिच्यावर चालतो तेव्हा भर सभेत ती आपली बाजू मांडते. धर्म सोडलास तर जीव वाचेल असे सांगितले तरी ती मानत नाही.

अशी बोलणारी मुलगी, आणि चित्रकाराने निवडला तो नेमका तिचा आवाज नसलेला क्षण. चित्रकलेला हालचाल हवी, आग हवी, घोडा हवा हे आम्हांला कळते. मूक कलेत वादविवाद रंगवता येत नाही. तरीही तिला मान टाकलेली दाखवणे ही निवडच होती. त्या काळच्या युरोपियन चित्रांत पूर्वेकडची बाई म्हटली की ती बहुधा अशीच पडलेली, पळवलेली किंवा विकली जाणारी असते.

पण देलाक्रुआला इतक्यावर सोडणेही न्यायाचे होणार नाही. आपल्यापैकी कोणाच्या शेजारी मोरोक्कोहून आलेली कुटुंबे राहत असतील तर त्यांना पुढची हकिकत जरूर सांगा. १८३२ साली फ्रान्सच्या राजाने मोरोक्कोच्या सुलतानाकडे एक शिष्टमंडळ पाठवले. त्यात हा चित्रकार होता. मुसलमान घरांत परक्या पुरुषाला बायकांची चित्रे काढू देणे शक्य नव्हते. टँजिअर शहरातल्या यहुद्यांनी मात्र त्याला घरात घेतले. अब्राहम बेनशिमोल हा यहुदी दुभाषा त्याच्या ओळखीचा झाला, आणि फेब्रुवारी महिन्यात एका यहुदी लग्नाला तो हजर राहिला. अंगण, वरच्या मजल्याचा कठडा, भिंतीला टेकून बसलेले वाजवणारे, मध्ये नाचणारी बाई हे सगळे त्याने वहीत टिपले आणि त्यावरून मोठे चित्र केले. ते १८४१च्या सलोनमध्ये लागले आणि आज लुव्रमध्ये आहे. त्या लग्नाविषयी त्याने एका मासिकात लेखही लिहिला. आपल्या मेंदीच्या रात्री आणि मोरोक्कोवाल्यांच्या हिन्नाच्या रात्री ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ते अंगण परके वाटणार नाही. तिथे कोणी बेशुद्ध पडलेले नाही. सगळी माणसे आपापल्या जागी, आपापल्या घरात बसलेली आहेत. प्रत्यक्ष पाहिलेले यहुदी त्याने असे रंगवले, आणि पुस्तकातली यहुदी मुलगी तशी. आमच्या मते फरक इथे आहे.

आता चित्राच्या आवृत्त्यांविषयी. पुष्कळांचा समज असा असतो की एकाच विषयाची दोन चित्रे असली तर एक अस्सल आणि दुसरी नक्कल. रविवर्म्याच्या छापील चित्रांनी आपल्याला ती सवय लावली. एक मूळ तैलचित्र, आणि त्यावरून छापखान्यात निघालेल्या हजारो प्रती. रिबेकाचे तसे नाही. १८४६चे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९०३ साली विकत घेतले, आणि ते तिथेच आहे. दुसरे चित्र १८५८चे. तेही जवळजवळ तेवढ्याच आकाराचे, उभे, कॅनव्हासवर तेलरंगातले, आणि प्रसंग तोच. ते पॅरिसच्या लुव्रमध्ये आहे. पण ती पहिल्याची प्रत नाही. माणसांची मांडणी नव्याने केलेली आहे. चित्रकाराने जुने चित्र समोर ठेवून गिरवले नाही, तो पुन्हा पुस्तकातल्या प्रसंगाकडे गेला. एखादा हझ्झान तीच तफिला दरवर्षी म्हणतो, पण साठीत त्याचा सूर तिशीतला राहत नाही, तसे समजा. दुसरी रिबेका रंगवली तेव्हा देलाक्रुआ साठ वर्षांचा होता आणि घशाच्या दुखण्याने बेजार होता. १८५९च्या सलोनमध्ये त्याने जी आठ चित्रे ठेवली त्यांत ती होती. टीका कडक झाली. त्यानंतर त्याने सलोनमध्ये चित्र ठेवले नाही.

या दोहोंच्या आधीही तो रिबेकाकडे वळला होता. १८२३ साली, म्हणजे पंचविशीत, त्याने ‘रिबेका आणि जखमी आयव्हॅनहो’ हे छोटे चित्र केले. तेही आता मेट्रोपॉलिटनमध्येच आहे. आमची तक्रार त्या चित्रापुरती मागे घ्यावी लागते, कारण तिथे ती खिडकीच्या प्रसंगातली रिबेका आहे. लेओं कोन्ये या त्याच्या समकालीन चित्रकारानेही १८२८ साली अपहरणाचा प्रसंग रंगवला. ते चित्र लंडनच्या वॉलेस संग्रहात पाहायला मिळते. रंगकर्मात तो देलाक्रुआच्या जवळपास येत नाही, पण विषय त्या काळी किती लोकप्रिय होता ते त्यावरून कळते.

रिबेकाचे शेवटी काय झाले, हे संक्षिप्त पुस्तकात घाईत उरकलेले असे. ती वाचते. आयव्हॅनहो तिच्या बाजूने रिंगणात उतरतो आणि बुआ-गिल्बेर तिथेच मरतो. पण आयव्हॅनहोचे लग्न होते ते सॅक्सन सरदारकन्या रोवेनाशी. रिबेका तिला भेटायला जाते, हिऱ्यांचे दागिने भेट देते, आणि सांगते की आम्ही बापलेक इंग्लंड सोडून स्पेनमधल्या ग्रनाडाला चाललो. तिथे ती आजाऱ्यांची सेवा करणार आहे. वाचक फार नाराज झाले. १८३० सालच्या प्रस्तावनेत स्कॉटने खुलासा केला की त्या काळच्या पूर्वग्रहांमुळे असे लग्न जवळजवळ अशक्य होते, आणि सद्गुणाचे बक्षीस म्हणून संसारसुख देणे त्याला योग्य वाटत नाही. हा खुलासा आम्हांला पटतो. थॅकरेला पटला नाही. कलकत्त्यात जन्मलेल्या या लेखकाने १८५० साली एक थट्टेची पुढची गोष्ट लिहून दोघांचे लग्न लावले, पण त्यासाठी रिबेकाला ख्रिस्ती केले. म्हणजे जे टेंपलरला जमले नाही ते विनोदी लेखकाने केले.

स्कॉटने एक घोटाळा मात्र केला. ग्रनाडाचा राजा म्हणून त्याने बोआब्दिलचे नाव घातले. बोआब्दिल होता पंधराव्या शतकातला, म्हणजे रिबेकाच्या तीनशे वर्षे नंतरचा. त्याच्याच हातून १४९२च्या जानेवारीत ग्रनाडा गेले, आणि मार्च महिन्यात त्याच शहरातल्या अल्हंब्रा राजवाड्यात यहुद्यांना स्पेनमधून घालवण्याच्या हुकुमावर सह्या झाल्या. हाकललेल्यांपैकी पुष्कळ जण समुद्र ओलांडून मोरोक्कोत उतरले. देलाक्रुआने टँजिअरला ज्यांच्या अंगणात बसून चित्रे काढली, त्या वस्तीत अशा घराण्यांचे वंशज होते.

आमच्या थोरल्या भावंडांना १९५२चा ‘आयव्हॅनहो’ सिनेमा आठवत असेल. त्यात रिबेका झाली होती एलिझाबेथ टेलर, जी पुढे १९५९ साली खरोखरच यहुदी झाली. सिनेमातली रिबेका चित्रातल्यासारखी गप्प नाही.

ज्यांना न्यूयॉर्क-पॅरिसला जाणे होणार नाही त्यांनी नातवंडांना सांगून दोन्ही चित्रे मोबाइलवर उघडून घ्यावीत, शक्यतो मोठ्या पडद्यावर, आणि खिडकीचा उजेड पडद्यावर पडणार नाही असे बसून. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्यांना निळे रंग आधीपेक्षा स्वच्छ दिसतील. प्रथम १८४६चे पाहावे, दरीपलीकडच्या किल्ल्यापासून सुरुवात करून पुढे माणसांकडे यावे, मग १८५८चे. आणि वेळ उरला तर १८२३चे छोटे चित्रही शोधायला सांगावे.